एकशेऐंशीवा रेखांश आणि संगणकीय नकाशावरील प्रदक्षिणामार्ग

भिंतीवर टांगलेल्या नकाशाला कडा असते, आणि कडेपाशी आलेली रेषा तेथेच थांबते हे पाहणाऱ्याला मान्य असते. संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या नकाशाला अशी कडा दिसत नाही. तो एका दिशेने सरकवीत गेल्यास जपाननंतर अमेरिका, अमेरिकेनंतर युरोप आणि युरोपनंतर पुन्हा भारत असे एकामागून एक येत राहते. त्यामुळे पृथ्वीचा वाटोळेपणा या नकाशात पुरता उतरला आहे असा समज होतो. तो समज किती वरवरचा आहे, हे पॅसिफिक महासागर ओलांडणारा एखादा मार्ग त्यावर काढू लागताच ध्यानात येते. १७८.६ अंश पूर्व आणि १७८.९ अंश पश्चिम हे दोन रेखांश एकमेकांपासून अवघ्या अडीच अंशांवर आहेत. परंतु त्यांवरील दोन स्थानांना जोडणारी रेषा पुष्कळदा पॅसिफिकचा तो लहानसा पट्टा सोडून उरलेल्या साऱ्या जगावरून आडवी ओढली जाते. संगणकीय नकाशे करणाऱ्यांना हा दोष चांगलाच परिचित आहे, आणि त्यावरील तोडगेही परिचित आहेत. तथापि हे तोडगे नेमके काय राखतात व काय टाकून देतात, याचा विचार सहसा होत नाही. एका भारतीय नौकेच्या प्रत्यक्ष प्रवासावरून तो करता येण्यासारखा आहे.

गोव्यात बांधलेली ‘तारिणी’ ही भारतीय नौदलाची सतरा मीटर लांबीची शिडाची नौका १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाली आणि २१ मे २०१८ रोजी गोव्यास परतली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा महिला अधिकाऱ्यांनी केलेली ही पृथ्वीप्रदक्षिणा ‘नाविका सागर परिक्रमा’ या नावाने प्रसिद्ध आहे. वाटेत नौकेने ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली, दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन आणि मॉरिशसमधील पोर्ट लुई या बंदरांत मुक्काम केला. पूर्व रेखांश धन व पश्चिम रेखांश ऋण धरले, तर या स्थानांचे रेखांश अनुक्रमे असे येतात : गोवा ७३.८३, फ्रीमँटल ११५.७५, लिटल्टन १७२.७२, पोर्ट स्टॅनली उणे ५७.८५, केपटाउन १८.४२, पोर्ट लुई ५७.५०, आणि अखेर पुन्हा गोवा ७३.८३.

यांपैकी सर्व टप्पे सरळ आहेत. अडचण लिटल्टन ते पोर्ट स्टॅनली या एकाच टप्प्यात आहे. उणे ५७.८५ मधून १७२.७२ वजा केल्यास उत्तर उणे २३०.५७ येते. म्हणजे नौका पश्चिमेकडे २३० अंश गेली, असे हे गणित सांगते. वास्तविक ती पूर्वेकडे १२९.४३ अंश गेली. या दोन आकड्यांतील अंतर बरोबर ३६० आहे, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेवढ्यातच आहे.

आता ही चुकीची रेषा नकाशावर कोठून जाते ते पाहू जाता एक विलक्षण गोष्ट आढळते. लिटल्टनहून निघून ती न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा अरुंद पट्टा ओलांडते, टास्मानियाच्या थोडी दक्षिणेकडून निघते, हिंदी महासागराचा दक्षिण भाग कापून आफ्रिकेच्या टोकाखालून अटलांटिकमध्ये शिरते आणि पूर्वेकडून फॉकलंड बेटांना येऊन मिळते. म्हणजे दक्षिण बेट सोडले तर तिला कोठेही भूमी आडवी येत नाही. नौकेचा मार्ग असाच असणार असे कोणालाही वाटावे! उलट, योग्य दिशेने जाणारी सरळ रेषा दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनिया प्रदेशावरून, एक्कावन्न अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, चक्क जमिनीवरून जाते. कारण बंदरे तेवढी ध्यानात घेतल्यावर केप हॉर्नचा वळसा तिच्यात उरत नाही. चुकीची रेषा खरी वाटावी आणि खऱ्या दिशेची रेषा चुकीची वाटावी, असा हा प्रसंग आहे. नुसत्या डोळ्यांनी नकाशा तपासणे येथे पुरेसे होत नाही.

परंतु दिसण्यापेक्षाही मोठी हानी निराळीच आहे. प्रत्येक टप्प्यातील रेखांशांचा फरक घेऊन त्यांची बेरीज केली, तर चुकीच्या हिशेबाने ती बरोबर शून्य येते. गोव्याहून निघालेली नौका पूर्वेस न्यूझीलंडपर्यंत गेली, तेथून उलट फिरून आफ्रिकेखालून फॉकलंडला गेली आणि पुन्हा पूर्वेकडे वळून घरी आली, असा त्याचा अर्थ होतो. तिने पुष्कळ मजल मारली, पण पृथ्वीला प्रदक्षिणा घातली नाही. योग्य हिशेबाने मात्र ४१.९२, ५६.९७, १२९.४३, ७६.२७, ३९.०८ आणि १६.३३ यांची बेरीज नेमकी ३६० येते. प्रदक्षिणा म्हणजे गणिताच्या भाषेत हेच. निघाल्या ठिकाणी परतल्यावर हाती शून्य न उरता एक पूर्ण वर्तुळ शिल्लक राहावे लागते. रेखांश न तोडता सलग मोजत गेल्यास पोर्ट स्टॅनली ३०२.१५ वर, केपटाउन ३७८.४२ वर आणि परतीचे गोवा ४३३.८३ वर येते. ७३.८३ आणि ४३३.८३ ही पृथ्वीवर एकच जागा आहे. प्रवासाच्या दृष्टीने मात्र ती एक नव्हे. याच अधिक ३६० अंशांपोटी पूर्वेकडे प्रदक्षिणा घालणाऱ्याला घरी राहिलेल्यांपेक्षा एक सूर्योदय जास्त पाहावयास मिळतो. उलट पश्चिमेकडे गेलेल्या मॅगेलनच्या ताफ्यातील उरलेल्या खलाशांचा १५२२ साली एक दिवस हरवला होता, तोही याच कारणाने. नकाशावर मार्गरेषा काढताना ज्या तोडग्याने हे ३६० अंश पुसले जातात, तो तोडगा रेषेचे रूप सुधारत असला तरी प्रवासाचा आशय गमावतो.

रेखांश १८० पाशी तोडण्याची प्रथा निसर्गाने घालून दिलेली नाही. १८८३ साली रोम येथे भरलेल्या भूमापनशास्त्रज्ञांच्या परिषदेने रेखांश ग्रिनिचपासून पूर्वेकडे एकाच दिशेने मोजावेत असे सुचविले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८८४ मध्ये, वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ग्रिनिचला बावीस राष्ट्रांनी मान्यता दिली. रेखांश दोन दिशांना १८० पर्यंत मोजावेत, पूर्व धन आणि पश्चिम ऋण मानावेत, हा ठराव मात्र अवघ्या चौदा मतांनी संमत झाला. पाच मते विरुद्ध पडली आणि सहा राष्ट्रे तटस्थ राहिली. आज पडद्यावर आडवी धावणारी ती रेषा त्या चौदा मतांचा दूरचा परिणाम आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्राचीन भारतीय ज्योतिषातही मूळ याम्योत्तर वृत्ताची कल्पना स्पष्ट आहे. लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणाऱ्या रेषेपासून देशांतर मोजले जाई. विषुववृत्तावर नव्वद नव्वद अंशांच्या अंतराने लंका, यमकोटी, सिद्धपूर आणि रोमक ही चार नगरे कल्पिलेली असत. लंकेत सूर्योदय होतो तेव्हा यमकोटीस मध्यान्ह, सिद्धपुरास सूर्यास्त आणि रोमकास मध्यरात्र, हे वर्णन आर्यभटापासून आढळते. ज्यांच्या घराण्याचा संबंध चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखाने महाराष्ट्राशी जोडला जातो, त्या भास्कराचार्यांनीही गोलाध्यायात ही चार नगरे वर्णिली आहेत. यांतील सिद्धपूर हे मूळ याम्योत्तराच्या नेमके पाठीमागे, एकशेऐंशी अंशांवर येते. म्हणजे ज्याला आज प्रतियाम्योत्तर म्हणता येईल त्याला त्या ज्योतिषाने एक नगरच बहाल केले होते.

या प्राचीन रेषेच्या अगदी जवळ असलेल्या गावांपैकी एक म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव. शेवगावचा रेखांश सुमारे ७५ अंश १३ कला पूर्व आहे, उज्जैनचा सुमारे ७५ अंश ४६ कला. दोहोंतील अंतर अर्ध्या अंशाच्या किंचित वर, म्हणजे पंचांगाच्या भाषेत पाच-साडेपाच पळांचे. उज्जयिनीची रेषाच जगाने शून्य मानली असती, तर संख्यांचा सांधा कोठे पडला असता? तो सुमारे १०४ अंश १४ कला पश्चिम रेखांशावर, उत्तर अमेरिकेच्या भरवस्तीतून, डेन्व्हर शहराच्या थोडा पूर्वेकडून गेला असता. आणि अमेरिकेतील रेल्वेमार्गांचे नकाशे काढणाऱ्यांना आज भेडसावणारी ही अडचण रोज भेडसावली असती. ग्रिनिचचा सांधा बहुतांशी समुद्रातून जातो, ही सोय खरी. तरी सायबेरियाचा ईशान्य कोपरा, रँगेल बेट, फिजीची काही बेटे आणि अंटार्क्टिका यांची त्यातून सुटका झालेली नाही. (आंतरराष्ट्रीय वाररेषा ही वेगळी गोष्ट आहे. ती राष्ट्रांच्या सोयीने वाकते. सामोआने २०११ च्या डिसेंबर महिन्यातील ३० तारीखच गाळून ती ओलांडली. तेथील रेखांशात मात्र त्यामुळे तसूभरही बदल झाला नाही.)

शेवगाव येथे बसून, ते गाव मध्यभागी ठेवून जगाचा नकाशा उघडला, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. अशा नकाशाची डावी व उजवी कडा १०४ अंश ४७ कला पश्चिम या रेखांशावर येते, आणि एकशेऐंशीवा रेखांश कडेवर न पडता उजव्या अर्धात, मध्यापासून १०४ अंश ४७ कलांवर पडतो. म्हणजे येथे दोन वेगवेगळे छेद आहेत. एक संख्यांचा छेद, जो १८० वर कायमचा आहे. दुसरा चित्राचा छेद, जो नकाशाचा मध्य जेथे ठेवावा त्याच्या पाठीमागे पडतो. ग्रिनिच मध्यभागी ठेवणाऱ्या नकाशात हे दोन्ही छेद एकमेकांवर येतात, आणि त्यामुळे ते एकच आहेत असा भास होतो. पुष्कळ सॉफ्टवेअरच्या रचनेत हा भास गृहीत धरला गेला आहे. शेवगावहून पाहणाऱ्याला मात्र ते निरनिराळे दिसतात, आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे करावे लागतात. ‘तारिणी’चा लिटल्टन-स्टॅनली टप्पा त्याच्या नकाशावर संख्यांचा छेद ओलांडून, पुढे चित्राची उजवी कडाही ओलांडतो, कारण सलग मोजणीत स्टॅनली ३०२.१५ वर आहे आणि ही कडा २५५.२२ वर.

नकाशाची आतील यंत्रणा पाहिली म्हणजे दोन्ही छेदांचे स्वरूप उलगडते. महाजालावरील बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपावर आधारलेले असतात. ध्रुवांकडील भाग सुमारे ८५.०५ अंशांवर छाटल्यामुळे सारे जग एका चौरसात बसते, आणि तो चौरस २५६ बिंदू रुंदीच्या टाइल्समध्ये विभागला जातो. शून्य पातळीवर एकच टाइल असते. प्रत्येक पुढच्या पातळीला जगाची रुंदी दुप्पट होते, म्हणजे तिसऱ्या पातळीवर ती २,०४८ बिंदू होते. एखाद्या स्थानाचे आडवे अंतर काढण्यासाठी रेखांशात १८० मिळवून ३६० ने भागावयाचे आणि जगाच्या रुंदीने गुणावयाचे, एवढेच गणित असते. या गणिताला वर्तुळ ठाऊकच नाही. त्याच्या दृष्टीने रेखांश ही एका पट्टीवरची खूण आहे. वर दिलेल्या अडीच अंशांच्या उदाहरणात पडद्यावरील खरे अंतर तिसऱ्या पातळीवर सुमारे १४ बिंदू असावयास हवे. ते २,०३४ बिंदू होते. मात्र याच सरळपणाचा एक लाभही आहे. १८० च्या पुढचा रेखांश दिल्यास हे गणित अडत नाही. ३०२.१५ ही संख्या घातली तर ते स्थान जगाच्या पहिल्या चित्राच्या उजवीकडे, जेथे टाइल्सची दुसरी आवृत्ती मांडलेली असते तेथे, बिनचूक जाऊन पडते.

वारंवार सुचविला जाणारा पहिला उपाय म्हणजे रेखांश उणे १८० ते १८० ऐवजी ० ते ३६० असे मोजणे. म्हणजे रोमच्या परिषदेची सूचना उशिरा का होईना मान्य करणे. फिजीपुरता किंवा केवळ पॅसिफिकपुरता नकाशा असेल तर हा उपाय उत्तम आहे. ‘तारिणी’च्या बाबतीत मात्र तो निरुपयोगी ठरतो. लिटल्टन १७२.७२ आणि स्टॅनली ३०२.१५ हा टप्पा सुधारतो, पण पुढच्याच टप्प्यात ३०२.१५ वरून केपटाउनच्या १८.४२ वर उतरावे लागते, आणि रेषा पुन्हा जगभर मागे धावते. सांधा पॅसिफिकमधून उचलून अटलांटिकमध्ये ठेवला, इतकेच घडते. प्रदक्षिणा करणारा मार्ग प्रत्येक याम्योत्तर ओलांडतो. म्हणून सांधा कोठेही ठेवला तरी तो त्याला आडवा येणारच. सांधा हलविता येतो, नाहीसा करता येत नाही.

दुसरा उपाय सलग मोजणीचा. लागोपाठच्या दोन नोंदींतील रेखांशांची वजाबाकी करावी, तीत ५४० मिळवावेत, येणाऱ्या संख्येला ३६० ने भागून बाकी घ्यावी आणि बाकीतून १८० वजा करावेत. जो फरक मिळेल तो उणे १८० ते १८० यांच्या दरम्यानचा, म्हणजे जवळच्या बाजूचा असतो. तो मागील सलग रेखांशात मिळवीत जावे. उणे २३०.५७ मध्ये ५४० मिळविल्यास ३०९.४३ येतात, त्यांतून १८० गेल्यावर १२९.४३ उरतात. उपाय इतका लहान आहे की त्यात काही चुकेल असे वाटत नाही. तरी एक खाचखळगा सांगण्यासारखा आहे. पायथन भाषेत ऋण संख्येला भागल्यावर बाकीचे चिन्ह भाजकाप्रमाणे येते, जावास्क्रिप्टमध्ये ते भाज्याप्रमाणे येते. ‘तारिणी’ने २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांच्यासह दुसरी प्रदक्षिणा पूर्ण केली, आणि तीतही लिटल्टन व पोर्ट स्टॅनली हे मुक्काम होते. दोन्ही प्रदक्षिणा एकाच सलग रेषेत गुंफल्या, तर दुसऱ्या खेपेस लिटल्टन ५३२.७२ वर येते. आता उणे ५७.८५ मधून हा सलग आकडा वजा केल्यास उणे ५९०.५७ येतात. ५४० मिळविल्यावरही उणे ५०.५७ उरतात, आणि जावास्क्रिप्ट त्यावरून पुन्हा तोच जुना फरक, उणे २३०.५७, हाती ठेवते. पहिल्या प्रदक्षिणेत न दिसलेला दोष दुसरीत प्रकट होतो. वजाबाकी नेहमी मूळ नोंदींची करावी, सलग आकड्याची करू नये, एवढी दक्षता घेतली म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

याहून गंभीर मर्यादा तत्त्वाची आहे. जवळची बाजू हीच प्रवासाची बाजू, हे एक गृहीत आहे. ते नोंदींत कोठेही लिहिलेले नसते. लंकेहून सिद्धपुरास जावयाचे झाल्यास पूर्वेने आणि पश्चिमेने अंतर सारखेच पडते, आणि तेथे तर हा नियम मूकच होतो. वरील सूत्र अशा वेळी उणे १८० देते, पण ती केवळ सूत्राची लकब होय. प्रत्यक्षातील उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानसेवेचे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेली ही सेवा प्रथम अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडे, जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून पूर्वेकडे जाऊ लागले. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरांवरून १५,३०० किलोमीटरांपर्यंत वाढले, तरी अनुकूल वाऱ्यामुळे वेळ वाचू लागला. दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्को पूर्वेकडून सुमारे १६०.५ आणि पश्चिमेकडून १९९.५ अंशांवर आहे. जवळच्या बाजूचा नियम नुसत्या दोन टोकांना लावल्यास २०१६ नंतरचा पॅसिफिकमार्ग बरोबर येतो आणि त्याआधीचा अटलांटिकमार्ग चुकतो. दोन टोके तीच, विमानसेवाही तीच. दिशा मात्र टोकांच्या नोंदीतून कळत नाही. अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात ‘म्हादेई’ नौकेतून मुंबई ते मुंबई अशी एकट्याने, कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. या सफरीच्या केवळ आरंभ व शेवट या दोनच नोंदी ठेवल्यास फरक शून्य येतो, आणि नौका बंदरातून हललीच नाही असा निष्कर्ष निघतो. मधल्या नोंदी इतक्या दाट हव्यात की लागोपाठच्या कोणत्याही दोन नोंदींत १८० अंशांहून कमी फरक पडेल. शिडाच्या नौकेला ही अट सहज पाळता येते, कारण एका दिवसात ती काही अंशच सरकते. ध्रुवाजवळून जाणाऱ्या विमानाला मात्र काही मिनिटांत शेकडो अंश ओलांडता येतात. जानेवारी २०२१ मध्ये उत्तर ध्रुवावरून सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूस आलेल्या विमानाचा मार्ग मर्केटर नकाशावर काढणेच व्यर्थ होय. तेथे ध्रुवीय प्रक्षेप हवा.

नोंदी दाट असण्याची निकड दुसऱ्या एका दृष्टीनेही पटते. लिटल्टन आणि पोर्ट स्टॅनली यांना पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळच्या वाटेने, म्हणजे बृहद्वृत्ताने, जोडले तर ही वाट दक्षिणेकडे झुकत झुकत सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशापर्यंत, बर्फाच्या प्रदेशात उतरते. शिडाची नौका तेथे जात नाही. नकाशावरील सरळ रेषा पॅटागोनियाच्या जमिनीवर चढते आणि बृहद्वृत्त हिमसागरात बुडते. नौकेचा खरा मार्ग या दोहोंच्या मधून, केप हॉर्नच्या ५६ अंशांना वळसा घालून गेला. बृहद्वृत्त हे अधिक शास्त्रशुद्ध म्हणून तेच काढावे, असा आग्रह काही सॉफ्टवेअर धरते. शुद्धतेचा हा भलताच अर्थ झाला.

तिसरा उपाय, रेषा १८० वर कापून तिचे दोन तुकडे करण्याचा. भौगोलिक माहितीच्या देवघेवीसाठी रूढ असलेल्या जिओजेसन या लेखनपद्धतीच्या ऑगस्ट २०१६ मधील प्रमाणपत्रकाने, आरएफसी ७९४६ ने, याचीच शिफारस केली आहे. कोणताही आकार प्रतियाम्योत्तर ओलांडत असेल तर त्याचे असे भाग करावेत की एकही भाग त्याला ओलांडणार नाही. त्याच पत्रकात चौकटीच्या सीमांविषयी फिजीचे उदाहरण दिले आहे. १७७ पूर्व ते १७८ पश्चिम ही चौकट पाच अंशांची आहे. पण लहान आकडा आधी व मोठा नंतर असा क्रम लावल्यास ती ३५५ अंशांची होते आणि फिजी सोडून जवळजवळ सारे जग तिच्यात येते. कापण्याचा उपाय देवघेवीसाठी योग्यच आहे, कारण घेणाऱ्याचे सॉफ्टवेअर कसे आहे हे देणाऱ्याला ठाऊक नसते. परंतु कापताना १८० वरील अक्षांश कोणता धरावयाचा, हा प्रश्न उरतोच. लिटल्टन-स्टॅनली टप्प्यात सरळ प्रमाणाने तो सुमारे ४४.१ अंश दक्षिण येतो, बृहद्वृत्ताने सुमारे ५१.४. दोन उत्तरांत आठशे किलोमीटरांचा फरक आहे. दैनंदिन नोंदी असतील तर हा फरक नगण्य होतो. कापल्यानंतर मात्र एक प्रवास दोन रेषा बनतो, लांबी व वेळ यांचे हिशेब तुकड्यांवर करावे लागतात, आणि अधिक ३६० अंशांचा पुरावा पुसला जातो. त्यामुळे संग्रहात मूळ नोंदी वेळेसह जशाच्या तशा ठेवाव्यात, चित्र काढताना त्यांवरून सलग रेखांश तयार करावेत, आणि तुकडे फक्त बाहेर पाठवावयाच्या प्रतीत करावेत, हा क्रम सर्वांत निर्धोक दिसतो.

निरनिराळ्या सॉफ्टवेअरचे वर्तन या बाबतीत सारखे नाही. लीफलेट आणि मॅपलिबर १८० च्या पलीकडील रेखांश जसेच्या तसे स्वीकारतात. म्हणून सलग मोजणी तेथे लगेच उपयोगी पडते. लीफलेटमध्ये रेषा जगाच्या एकाच आवृत्तीवर निघते. नकाशा पुढे सरकविल्यास टाइल्स दिसत राहतात, रेषा मागे राहते. चित्राचा छेद तो हाच. त्यासाठी तीच रेषा ३६० अंश मागे आणि ३६० अंश पुढे अशी आणखी दोनदा काढावी लागते. गूगलचा नकाशा १९० हा रेखांश आपणहून उणे १७० करतो. परिणामी तेथे सलग आकडे देऊनही ते टिकत नाहीत. डी-थ्री या ग्रंथालयाने रेषा गोलावरच कापण्याची पद्धत अवलंबिली असून, नकाशाचा मध्य कोठेही ठेवला तरी ती कडेपाशी नीट तुटते. दोन छेदांतील भेद तिच्या रचनेत मुळातच ओळखला गेला आहे. पोस्टजीआयएस या माहितीसंग्रहात रेखांश ० ते ३६० मध्ये नेण्याची आणि ठरावीक रेषेवर आकार कापून सरकविण्याची अशी दोन्ही साधने आहेत.

रेषा सुधारल्यानंतरही नकाशाचा मध्य ठरविणारी गणिते बहुधा दुर्लक्षित राहतात. १७८.६ आणि उणे १७८.९ यांची सरासरी उणे ०.१५ येते, आणि मार्ग पॅसिफिकमध्ये असताना नकाशा ग्रिनिचच्या रेषेवर जाऊन उघडतो. पाहणाऱ्याला रिकामा समुद्र दिसतो आणि रेषा निघालीच नाही असे वाटते. सरासरी, चौकट आणि अंतर या तिन्ही गोष्टी सलग रेखांशांवरूनच काढाव्या लागतात, आणि मध्यबिंदू तेवढा अखेरीस उणे १८० ते १८० मध्ये परत आणावा लागतो. ‘तारिणी’च्या त्या दक्षिण टप्प्यासाठी असा मध्य २३७.४४, म्हणजे १२२ अंश ३४ कला पश्चिम येतो. तेथे नकाशा उघडल्यास डावीकडे न्यूझीलंड, उजवीकडे फॉकलंड आणि मधे अखंड पॅसिफिक दिसतो. शेवगाव मात्र त्या चित्रात अगदी डाव्या कडेजवळ जाते.